खारे पाणी, गोडे पाणी

मी बालाघाटाच्या माळावरच्या ईटचा. आमच्या भूम तालुक्यात पाण्याचा इतिहास म्हणजे विहिरीचा इतिहास, आणि विहिरीचा इतिहास म्हणजे जातीचा इतिहास. कुणी वरून पाणी ओतील म्हणून घागर घेऊन ताटकळलेल्या आयाबायांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. म्हणून दापोलीहून हर्णैला उतरून पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा मनात प्रश्न आला तो हाच : एवढ्या पाण्याला पहारा कसा नाही?

उत्तर साधे आहे. हे पाणी कुणाला प्यायचे नाही. समुद्र खारा म्हणून तो बाटत नाही. पुळण ओलांडून नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरा. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी सुरू होतात, आणि तिथेच विटाळही सुरू होतो. त्या मागच्या गावांवर पिढ्यान्‌पिढ्या खोतांची सत्ता होती. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. तिथून मी मुरुडला आणि पुढे कर्द्यापर्यंत वाळूतून चालत गेलो. मी चाळलेल्या प्रवासी पुस्तिकांत आंग्र्यांचे आरमार होते, देवळे होती, महर्षी कर्वे होते. कर्व्यांचा मान मला मान्य आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. पण त्याच काळात, तिथून काही कोसांवर दापोलीत, आणखी एक लढाई चालू होती. तिचा त्या पुस्तिकांत एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दापोलीला लष्करी छावणी वसवली. पुढे तिथे निवृत्त महार सैनिकांची वस्ती झाली. त्यांतलेच गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. फुल्यांच्या विचाराने पेटलेल्या या माणसाने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारावरच प्रश्नांची सरबत्ती केली. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा अनार्यदोषपरिहारक मंडळीच्या वतीने त्यांनी सरकारकडे अर्ज केला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर रामजी सुभेदारही काही काळ दापोलीत राहिले. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे याच मातीतली.

या किनाऱ्याचा उपयोगही आमच्या माणसांनी निराळाच केला. ज्यांना गावात विहीर नव्हती, ते आगबोटीने मुंबईला गेले, गोदीत आणि गिरण्यांत राबले. प्रस्थापितांना हा किनारा म्हणजे रम्य देखावा. आमच्यासाठी तो गावकीतून सुटण्याचा दरवाजा होता. आता त्या आगबोटी नाहीत. दरवाजाची आठवण तरी राहू द्या.

आणि म्हणूनच लढा समुद्रावर झाला नाही. २० मार्च १९२७ रोजी तो महाडच्या चवदार तळ्यावर झाला, गोड्या पाण्यासाठी. जे पाणी कुणालाही मोकळे आहे, ते मोकळे असल्याचे श्रेय समाजाला कसले? समतेची परीक्षा टंचाईच्या पाण्यावर होते.

ही परीक्षा आमच्या मराठवाड्यालाही चुकलेली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्या परिषदेबद्दल ऐकून असलेली म्हातारी माणसे गावोगावी शोधावी लागतील. विद्यार्थ्यांनी सहलीला समुद्रावर जरूर जावे, वाळूत मनसोक्त खेळावे. पण परतल्यावर आपल्या गावातल्या विहिरींची यादी करावी : कोणती कुणाची, कोण कधीपासून तिथे पाणी भरू लागले, आणि पहिली घागर कुणी बुडवली. आमचा इतिहास लिहायला तिथूनच बसावे लागेल. मी ईटपासून सुरुवात केली आहे.