मूठ आणि म्यान : घोड व भीमा खोऱ्यातील एका उपेक्षित सुतारकामाचा इतिहास

सुतार म्हटला की नांगर, पाभर, मोटेचे चाक आणि बैलगाडी ही चार कामे कोणाच्याही डोळ्यांपुढे उभी राहतात. ग्रामव्यवस्थेची वर्णने करणाऱ्या ग्रंथांतूनही आपल्या ज्ञातीची ओळख बहुधा याच कामांवरून करून दिलेली आढळते. सुरीची व विळ्याची मूठ, विळीचा पाट, कोयत्याचा दांडा आणि पात्यावर चढवावयाचे लाकडी म्यान ही बारीकसारीक कामे मात्र कोणी हिशेबात धरली नाहीत. वास्तविक लोहाराने घडविलेले पाते मूठ बसेपर्यंत कोणाच्याही हाती देण्याजोगे नसते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत या कामाचे जे धागेदोरे सापडतात, ते ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आरंभ फार मागे जाऊन करावा लागतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी या विद्वानांच्या परिश्रमाने तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक संपूर्ण खेडे उजेडात आले. तांबे त्या लोकांस ठाऊक होते. परंतु ते दुर्मिळ असल्यामुळे नित्याच्या कापाकापीसाठी गारेसारख्या दगडाची लांबट, दोन्ही कडा समांतर असलेली पाती ते पाडीत. अशी पाती तेथे विपुल मिळाली. बोटभर लांबीचे हे धारदार पाते नुसते हातात धरले तर भाजीच्या आधी बोट कापावयाचे! म्हणून लाकडाच्या अथवा हाडाच्या दांड्यास खाच पाडून, तीत ही पाती ओळीने बसवून, डिंक किंवा राळ यांनी ती पक्की करीत असत, असे अभ्यासक सांगतात. पाती राहिली, दांडे कुजून मातीस मिळाले. घरांच्या बाबतीतही तेच झाले. खांबांचे खड्डे सापडले, खांब सापडले नाहीत.

याच उत्खननावरून ढवळीकरांनी असे अनुमान काढले की, सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेस होती. भट्टीवरून कुंभार ओळखता येतो, तशाच खुणांवरून सोनारही. या यादीत सुतार नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. ज्याचा माल लाकडाचा, त्याचा पुरावा वाळवीच्या पोटात जातो. घोडेच्याच काठी चांडोली येथे तांब्याची एक कट्यार मिळाली. तिच्या मुठीस कीटकाच्या मिशांप्रमाणे दोन फाटे आहेत. ती मूठ आज पाहावयास मिळते, कारण ती धातूची होती. लाकडी मुठीच्या वाट्यास हे भाग्य आले नाही.

यापुढील दीर्घ काळ ओलांडून आपण गावगाड्याच्या काळात येऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची जी मांडणी आहे, तीत सुतार व लोहार हे दोघेही थोरल्या ओळीतले. शेतकऱ्याने लाकूड द्यावे, सुताराने औते नीट ठेवावीत आणि सुगीत खळ्यावर बलुते न्यावे, असा सामान्य रिवाज होता. नव्या गाडीसारख्या मोठ्या कामाचे मोल वेगळे ठरे. विळ्याची मूठ बदलणे हे काम मात्र इतके लहान की ते बहुधा बोलता बोलता, दारात उभ्या असलेल्या माणसासमोर उरकले जाई. प्रस्तुत लेखकाच्या मते या कामाची नोंद न राहण्याचे खरे कारण हेच होय. ज्याचे मोल वेगळे मोजले जात नाही, ते कोणत्याही दप्तरात उतरत नाही.

येथे स्वयंपाकघराविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडील गृहिणीचे मुख्य हत्यार सुरी हे नव्हतेच. ते विळी हे होते. पाते स्थिर ठेवून भाजी त्यावर चालवावयाची, ही रीत जमिनीवर बसून काम करणाऱ्या घरास अत्यंत सोयीची. विळीस मूठ नाही, पाट आहे. आणि पाट हीच तिची मूठ. एका पायाने पाट दाबला की दोन्ही हात मोकळे राहतात. पाट अरुंद झाला तर विळी कलंडते, फार रुंद झाला तर बसणारीचा गुडघा अवघडतो. म्हणून जाणता सुतार पाट घडविण्यापूर्वी तो कोणासाठी हवा आहे हे विचारी. लोहाराने दिलेल्या पात्याचे खालचे टोक पाटातून आरपार काढून, खालच्या अंगास वळवून बसवावयाचे असते. छिद्र केसभर मोठे पडले तर पाते डुगडुगू लागते, आणि डुगडुगती विळी म्हणजे रोजचे रक्त. विळीस म्यान नसते. काम संपताच ती आडवी करून ठेवण्याची जी ताकीद प्रत्येक आई मुलीस देत आली, तेच तिचे म्यान म्हणावयाचे.

आता मुठीच्या लाकडाविषयी. शिरूर व दौंड हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. येथे साग सहजी मिळत नाही. बांधावरची बाभूळ हेच आपले धन. बाभळीचे लाकूड चिवट आहे, धक्का सोसते, आणि मुठीस तेच हवे असते. परंतु तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडास कीड लवकर लागते. म्हणून ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवून, त्यातील रस धुऊन गेल्यावर सावलीत वाळवावयाचा, ही जुनी पद्धत. आतले तांबूस लाकूडच मुठीसाठी घ्यावे. धावडा मिळाल्यास कुऱ्हाडीच्या दांड्यास त्याच्यासारखे लाकूड नाही. शिसव देखणी व जड. ती शौकिनाच्या सुरीस.

लाकडाचे दोरे मुठीच्या लांबीबरोबर धावले पाहिजेत, आडवे गेल्यास मूठ एका झटक्यात चिरते. यासाठी तुकडा करवतीने कापण्याऐवजी फोडून घेणे बरे, कारण फोडलेले लाकूड आपल्या दोऱ्याची वाट आपणच दाखविते. पुढे वाकसाने ताशीव आकार, सामत्याने मधोमध छिद्र, तोंडाशी लोखंडी किंवा पितळी शेंबी, आणि छिद्रात लाखेची पूड भरून त्यात पात्याचे तापविलेले टोक दाबणे, असा क्रम. लाख वितळते, भेगांतून भरते आणि थंड होताच पाते धरून ठेवते. शेवटी तेल. या भागात करडई पिकते. तिचे तेल हवेत हळूहळू सुकून पातळ कवच धरते. हेच तेल आटवून घट्ट केले म्हणजे चामडी मोटेस व दोरांस पाण्यापासून राखण्याकरिता लावीत. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही. त्याने मूठ चिकट मात्र होते.

चैत्र-वैशाखात मूठ सैल झाली की पुष्कळ लोक हत्यार रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी मूठ घट्ट बसलेली दिसते व मालक संतुष्ट होतो. पण फुगलेले लाकूड शेंबीच्या आत स्वतःलाच चेपून घेते, आणि वाळल्यावर पूर्वीहून अधिक सैल होते. असो.

मुठीचा आकार हा या कलेचा गाभा आहे. अगदी गोल मूठ दिसावयास छान, परंतु ती हातात फिरते आणि धार कोणीकडे आहे हे बोटांस कळत नाही. अंडाकृती, किंचित चपटी मूठ अंधारातही धारेची दिशा सांगते. या साध्या अनुभवास एका परकीय सेनाधिकाऱ्याची अनपेक्षित साक्ष मिळते. कॅप्टन नोलन हा इंग्रज घोडदळातील अधिकारी १८५४ साली बालाक्लाव्हा येथील प्रसिद्ध हल्ल्यात पडला. त्यापूर्वी १८५३ मध्ये त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले होते. हिंदुस्थानात असताना निजामाच्या स्वारांनी केलेल्या तलवारीच्या भयंकर जखमा ऐकून त्याने त्यांची हत्यारे पाहिली. ती इंग्रजी फौजेने टाकून दिलेली जुनीच पाती होती! स्वारांनी त्यांस आपल्या पद्धतीच्या, हातात नीट बसणाऱ्या चपट्या मुठी बसविल्या होत्या आणि ती लाकडी म्यानांत ठेविली होती. इंग्रजी शिपायाची तलवार पोलादी म्यानात घासून घासून बोथट होई. या स्वारांची धार वस्तऱ्यासारखी राही. इंग्रजी मूठ गोल असल्यामुळे धार सरळ पडत नाही, असेही त्याने नमूद केले आहे. पाते तेच, फरक पडला तो मुठीने आणि म्यानाने.

ही हकीकत निजामाच्या स्वारांची असली, तरी शिरूरकरांस ती परकी वाटू नये. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ इंग्रजांनी उभारले, तेच पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून नावारूपास आले आणि शिरूर हे त्याचे ठाणे होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून कोरेगावकडे निघालेल्या तुकडीत या नव्या दलाचे स्वार होते. पलीकडे दौंडचा प्रदेश म्हणजे जुना भीमथडी तालुका. तेथील तट्टे मराठी फौजांत नावाजलेली. जेथे घोडा आणि तलवार, तेथे म्यान. आणि म्यानाचे अंग चामड्याने किंवा मखमलीने मढविलेले असले, तरी आतील सांगाडा लाकडाचाच.

म्यानास बाभूळ चालत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. तिच्या सालीत व लाकडात जो तुरट रस असतो, त्याचा ओलसर लोखंडाशी संबंध येताच काळे डाग पडतात. म्यानासाठी काटेसावर व पांगारा यांसारखी हलकी, मऊ लाकडे वापरीत. इंग्रजी अमदानीतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या लाकडांच्या उपयोगांत म्यानांचा उल्लेख केला आहे. एकच फळी मधोमध चिरून दोन्ही भाग पटाशीने पोखरावयाचे व पुन्हा जुळवावयाचे. पात्याच्या पाठीने व दोन्ही अंगांनी म्यानास हलके टेकावे, धार मात्र कोठेही लाकडास लागू नये, अशी ती पोकळी हवी. दूरच्या जपानातही म्यान असेच दोन फाकांचे, मऊ लाकडाचे करतात.

या कामास उतरती कळा कशी लागली? १८५८ मध्ये पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग गेला आणि दौंड त्यावर आले; १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन ते जंक्शन बनले. आगगाडीबरोबर विलायती चाकूही गावोगावच्या बाजारांत पोचले. मध्यंतरी १८७५ साली भीमथडी व शिरूर तालुक्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले, पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. कुणब्याच्या खळ्यावर धान्य नाही तेथे बलुते कोठले? स्वातंत्र्यानंतर पोलादी, न गंजणारी पाती व काळ्या प्लॅस्टिकच्या मुठी आल्या. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला, गृहिणी उभी राहिली, आणि उभ्या माणसास विळी निरुपयोगी. अशा रीतीने सुरी आपल्या घरात मुख्य झाली, पण त्याच वेळी तिची मूठ सुताराच्या हातून निसटली.

एका ठिकाणी मात्र मूठ टिकून राहिली. पाटस व न्हावरे येथे साखर कारखाने उभे राहिले, उसाचे क्षेत्र वाढले, आणि ऊसतोडीच्या कोयत्यास लाकडी मूठच लागते. दिवसभर घाव घालणाऱ्या तळहातास प्लॅस्टिक सोसवत नाही. घामाने ते निसटते. अलीकडे शहरांतील काही हौशी लोक चांगल्या सुरीस मुद्दाम लाकडी मूठ व म्यान करून मागतात, आणि त्यास योग्य मोलही देतात. ज्यांच्या हातास पटाशीची सवय आहे अशा आपल्या तरुणांनी हे काम हलके समजू नये. पूर्वी मोल न ठरल्यामुळे ते नोंदीतून गळाले. आता ठरते आहे, तर वहीतही उतरू द्यावे.

ज्या कुटुंबांत जुनी विळी, मूठ किंवा म्यान अद्याप जपलेले असेल, त्यांनी ते कोणत्या लाकडाचे, कोणत्या गावी व साधारण कोणत्या साली घडविले, आणि पाते लाखेत बसविले आहे की पाचरीने, एवढे चार ओळींत लिहून मंडळाकडे अवश्य पाठवावे. वस्तू मोडकी असली तरी चालेल; मोडलेल्या मुठीत आतले छिद्र व लाख अधिक चांगली दिसते.