घामाचे माप

आपल्या भाषेत घामाला मोठा मान आहे. कष्टाच्या कमाईला आपण घामाचा पैसा म्हणतो. कामचुकाराच्या अंगाला घाम फुटत नाही, असेही म्हणतो. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची तर अर्धी भाषणे या एका शब्दावर उभी असतात. पण मान वेगळा आणि माप वेगळे. घाम किती आला आणि अंग किती दुखले यांवरून श्रम मोजण्याची जी रीत आपल्यात पडली, तिचा इतिहास थोडा तपासून पाहण्यासारखा आहे.

ही रीत तालमीत चांगलीच मुरली. जमिनीवर घामाचे थारोळे साचल्याशिवाय जोर पुरे झाले असे कोणी मानीत नसे, आणि नव्या पोराचे अंग दुसऱ्या दिवशी ठणकले नाही तर आदल्या दिवशीची मेहनत अंगी लागली नाही असा समज होता. आपले जुने वैद्यक मात्र याहून सावध होते. व्यायाम अर्ध्या शक्तीपुरताच करावा, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे, आणि अर्धी शक्ती संपल्याची खूण म्हणून श्वास तोंडाशी येऊ लागण्याकडे बोट दाखवले आहे. वाग्भटाने तर ऋतूही पाहिला. थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, इतर वेळी त्याहून बेताने. आपली व्याख्यानमाला वसंतातली असल्यामुळे आपल्याला पूर्ण सवलत आहे!

पुढे कारखाने आले आणि तालमीतला हा प्रश्न मजुरीचा झाला. इटलीत तुरिन येथे आंजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाने बोटाने वजन ओढायला लावून थकवा कागदावर उतरवणारे यंत्र केले, आणि 1891 साली थकव्यावर पुस्तक लिहिले. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने 1899 साली बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांवर घड्याळ लावले. दिवसाला साडेबारा टन उचलणारा माणूस साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला, असे त्याने 1911 च्या आपल्या ग्रंथात अभिमानाने नोंदवले आहे. मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 झाली. ओझे जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीहून थोडे अधिक. हा हिशेब करायला शाळेत जावे लागत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत घामाचे माप किती फसवे आहे ते उघड दिसत होते. कोरड्या हवेत ताण्याचे सूत तुटते, म्हणून साचाखात्यात मुद्दाम ओलावा सोडीत. घाम शरीराला थंड करतो तो वाळताना. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. म्हणजे साच्यापाशी उभा राहिलेला माणूस हात न हलवताही चिंब व्हायचा, आणि त्याच वेळी विदर्भाच्या कोरड्या उन्हात दगड फोडणाऱ्याचा सदरा कोरडा दिसायचा. ज्याचे शरीर उन्हातान्हाला आणि मेहनतीला सरावले त्याला घाम लवकर आणि जास्त येतो, हेही लक्षात ठेवावे. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कृत्रिम ओलाव्यासाठी 15 वे कलम स्वतंत्र घालावे लागले, यावरून त्रास केवढा होता ते समजते. आणि 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याचा जो वाद होता, तो घामाचा नव्हताच. तिसऱ्या साच्याने डोळ्यांवर, पायांवर आणि लक्षावर जो भार पडतो, तो सदरा पिळून कसा मोजणार?

आता अंगदुखीचे पाहा. आपल्या भागातली माणसे मलंगगडावर जातात. चढताना धाप लागते, उतरताना गप्पा चालतात; पण तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्या बहुतांशी उतरण्यामुळे. स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखण्याचे मूळ स्नायूतल्या अशा इजेत असावे, असे थिओडोर हफ या अमेरिकन संशोधकाने 1902 सालीच सुचवले होते. पुढे लॅक्टिक आम्लावर दोष ढकलण्यात आला, पण ते आम्ल तास-दीड तासात रक्तातून ओसरते आणि दुखणे शिखरावर पोचते एक ते तीन दिवसांनी. शिवाय तेच काम पुन्हा केले की दुखणे पुष्कळ कमी होते. दुखणे मुख्यतः नवखेपणाचे आहे. पहिल्याच दिवशी अतोनात बैठका काढल्यावर लघवी काळपट तांबडी झाली तर मात्र कौतुक न करता तडक डॉक्टर गाठावा, कारण तुटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडाला बाधते.

शीळफाट्याच्या आसपासच्या एका गोदामात आम्ही मुकादमाच्या तोंडून ऐकले, की जुने हमाल अंग राखून काम करतात. नवी पोरे बघा, कशी घामाघूम होतात आणि दुसऱ्या दिवशी कण्हतात. जुन्या हमालाने पाठ, गुडघा आणि श्वास यांचा मेळ वर्षानुवर्षे बसवलेला असतो. त्याचे अंग दुसऱ्या दिवशी बोलत नाही, पण पोते तेवढ्याच वजनाचे असते. साखरेचे पोते एके काळी शंभर किलोंचे असे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. आपल्याकडे 1969 साली माथाडी कायदा झाला आणि हमालाची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा हे सारे मंडळाच्या वहीत आले. त्या वहीत घामाचा रकाना नाही.

मग श्रमाचे माप कोणते? स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी गेल्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत माणसालाच विचारण्याची रीत बसवली. सहा ते वीस आकड्यांची पट्टी. काम किती जड वाटते ते करणाऱ्याने सांगायचे. त्या आकड्याला दहाने गुणले की निरोगी तरुणाच्या नाडीच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो. याहून सोपी परीक्षा चालता-बोलता होते: काम करताना पुरे वाक्य बोलता आले तर श्रम बेताचे, शब्दागणिक श्वास तुटू लागला तर जड. सुश्रुताच्या खुणेपासून हे फार लांब नाही. आमच्या हमालांत जिना चढताना बोलणे बंद पडले, की मागचा माणूस आपणहून पोते खाली टेकायला सांगतो.