काथ गेला, कातकरी उरला

जातीच्या वा जमातीच्या नावात व्यवसाय दडलेला असणे मराठीला नवे नाही. सोनार, तांबट, कासार ही नावे आपण व्युत्पत्तीकडे न पाहताच उच्चारतो. मात्र कायद्याने व्यवसाय काढून घेतला आणि नाव तेवढे मागे ठेवले, अशी उदाहरणे थोडी. कातकरी हे त्यांपैकी एक. काथकरी म्हणजे काथ करणारा. कर्जत तालुक्यात पोशीर नदीच्या खोऱ्यात कातकरवाड्या आहेत. त्यांच्या काथाच्या भट्ट्या केव्हाच इतिहासजमा झाल्या.

काथ करणे साधे काम नव्हते. खैराचा कोणता बुंधा भरला आहे ते ओळखायचे, बाहेरचे फिकट लाकूड तासून आतला लाल गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस आटवून नेमक्या वेळी उतरवायचा आणि वड्या सुकवायच्या. आजच्या सरकारी परिभाषेत यालाच 'कौशल्य' म्हणतात. १८७८च्या वन अधिनियमाने राखीव जंगलांच्या सीमा पक्क्या होऊ लागल्या आणि पिढीजात कामावर परवानगीची व दंडाची छाया पडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून वनखात्याविरुद्ध इतकी ओरड झाली की १८८५मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. (काथ आजही होतो, चिपळूणजवळ सावर्डे परिसरातील कारखान्यांत.)

मग कोळशाची भट्टी आली. ती शेठची होती. झाडाची पारख कातकऱ्याचीच, पण माल, भाव आणि हिशेबाची वही दुसऱ्याची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांनी आपल्या अहवालात मुंबई इलाख्यातील आदिवासींची सावकार-ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक मांडली. १९४७मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ठेकेदाराऐवजी जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्याचे धोरण स्वीकारले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. त्यात मजुराला नवे काही शिकण्याचा उपदेश नव्हता, ठेकेदाराची खुर्ची तेवढी बदलली होती. त्या खुर्चीवर प्रत्यक्षात कोण बसले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतर 'प्रशिक्षण' हा शब्द जोर धरू लागला. १९५०च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय उभ्या राहिल्या. तिथल्या प्रवेशाला शाळेची पायरी लागते आणि कातकरी मूल नेमके तिथेच अडते. उचल घेतलेले कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. शाळेचे निम्मे वर्ष भट्टीवरच सरते.

२०१५मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि प्रशिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांचे युग सुरू झाले. संस्थेला मिळणारी रक्कम तीन हप्त्यांत विभागलेली असे: तुकडी सुरू होताना ३० टक्के, प्रमाणपत्रानंतर ५०, नोकरी लागल्यावर २०. या गणितात सहा महिने गावाबाहेर असणारा, नोकरीवर टिकेल की नाही याची खात्री नसलेला प्रशिक्षणार्थी म्हणजे संस्थेला घाटाच. चौथ्या टप्प्यात नोकरीची अट निघाली. संस्थांना हायसे वाटले असेल. पण प्रमाणपत्र घेऊन घरी बसलेल्याचा जाब विचारणारेही त्यामुळे कोणी उरले नाही.

रायगडचे आणखी एक दुखणे असे की हा जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही. १९९६च्या पेसा कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेला दिलेला अधिकार म्हणूनच कर्जतच्या वाड्यांना लागू नाही. त्यांच्या हाती आहे तो २००६चा वनहक्क कायदा.

उत्तरेकडे शहापूर तालुक्यात मात्र निराळे काही घडले. २०१८च्या वनधन योजनेत तिथल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकली. करोनाच्या वर्षात मागणी वाढली. वेल कुठे चढते, केव्हा कापावी, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. शिकायचे होते ते वाळवणे, प्रतवारी, वजन आणि बिल करणे. हिशेबाची वही या वेळी त्यांच्याकडे होती.