देह हाच पहिला ग्रंथ

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलाच्या गळ्यात स्टेथास्कोप पाहण्याची घरच्यांना घाई असते. परंतु पहिल्या वर्षी त्याची गाठ रुग्णांपेक्षा तीन विषयांशीच अधिक पडते. ते म्हणजे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. देह कसा घडला आहे, तो कसा चालतो आणि त्याच्या पेशींत कोणत्या रासायनिक घडामोडी होतात, हे या तीन शास्त्रांतून उमगते. हा पाया आपल्या मुलखात कसा घातला गेला, हे आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा निघाली. देशी भाषांतून शिकविता यावे म्हणून वैद्यकाचे ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग तेथे झाला. १८३२ मध्ये ती शाळा बंद पडली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाचा आग्रह धरला. १८३८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नावाने १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य. त्याआधी १८४२ साली पणजीस वैद्यकशाळा सुरू झालीच होती.

मृतदेहाच्या स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजातील तरुणांनी शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभे राहणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ग्रँटमधून १८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते, प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग होते, आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले गोमंतकीय कॅथलिक जुझे कामिलो लिस्बोआ हेही होते.

ख्रिस्तसभेने शवविच्छेदनास बंदी केली होती, असा एक समज प्रचलित आहे. तो इतिहासास धरून नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९९ साली निषेध केला, तो अस्थी मायदेशी नेण्यासाठी प्रेते कापून उकळण्याच्या प्रथेचा. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १३१६ च्या सुमारास, बोलोन्या येथे मोंदिनो यांनी शवविच्छेदनावर आपला ग्रंथ लिहिला. लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नलिका शोधणारे नील्स स्टेन्सन पुढे बिशप झाले. १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही वैज्ञानिक संशोधनासाठी शवविच्छेदन नैतिकदृष्ट्या मान्य करतो.

आता आपल्या भागाकडे वळू. अंबड तालुका निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची वैद्यकशाळा १८४६ साली हैदराबादेस निघाली आणि तेथे उर्दूतून शिक्षण दिले जाई. मराठवाड्यास स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली, त्या वेळच्या औरंगाबादेस. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर २०२४ साली सुरू झाले. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील मुलांना हे शिक्षण आज स्वतःच्या जिल्ह्यात उपलब्ध आहे.

परंतु इमारत उभी राहिली म्हणजे शिक्षण पूर्ण होत नाही. शरीररचना शिकण्यास देह लागतो. १९४९ च्या शरीररचना कायद्यान्वये बेवारस मृतदेह अभ्यासासाठी देता येऊ लागले. म्हणजे ज्यांच्यासाठी रडायलाही कोणी नव्हते, अशा दरिद्री माणसांनी आपल्या डॉक्टरांना पहिला धडा दिला. त्या निनावी गुरूंसाठी आपण कधी प्रार्थना केली आहे काय?

त्यांच्या देहांवर शिकलेल्या डॉक्टरांकडून बरे व्हायचे आणि देहदानाचा विषय निघताच पुनरुत्थानाची शंका काढायची, हे आपणांस शोभत नाही. ज्या परमेश्वराने मातीतून मनुष्य घडविला, त्याला विच्छेदिलेला देह उठविणे अवघड नाही. कबरस्तानात आप्तांच्या शेजारी विसावण्याची इच्छाही पवित्रच आहे, आणि देहदानाची सक्ती कोणावर नसावी. मात्र ज्यांच्या मनात हा विचार आला असेल, त्यांनी हयातीतच अर्ज भरावा आणि मुलांशी मोकळेपणाने बोलावे. कारण मृत्यूनंतर घरच्यांनीच नकार दिला, तर दात्याची इच्छा कागदावरच राहते.