आपल्या नावाने एक मत

भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा इतिहास बहुधा मोठमोठ्या आकड्यांत सांगितला जातो. 25 ऑक्टोबर 1951 रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी या दुर्गम भागात, बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी, पहिले मतदान झाले आणि 21 फेब्रुवारी 1952 रोजी देशभरातील मतदान पूर्ण झाले. मतदारांची संख्या 17 कोटी 32 लाखांहून अधिक होती व त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पोलादी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविले जाई. यांपैकी लाखो पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. या भव्य पटावर एक आकडा मात्र सहसा कोपऱ्यात राहतो. तो आहे 28 लाखांचा.

त्या काळी देशात सुमारे 8 कोटी स्त्रिया मतदार होण्यास पात्र होत्या. नोंदणी करणारे कर्मचारी घरोघरी गेले तेव्हा उत्तरेकडील व मध्य भारतातील अनेक प्रांतांत एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. घरातील स्त्रीचे नाव परक्या पुरुषाला सांगावयाचे नाही, अशी रीत होती. कर्मचाऱ्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असे लिहून घेतले. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. खरे नाव मिळवावे, न मिळाल्यास नोंद वगळावी, असा आदेश निघाला. बिहारमध्ये नावे दुरुस्त करण्यासाठी मुदतही वाढवून देण्यात आली. तरीही अखेरीस सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली.

हा निर्णय कठोर होता, यात शंका नाही. आधीच मागे राहिलेल्या स्त्रीलाच रूढीचा दंड का भरावा लागावा, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. तथापि सेन यांच्या आग्रहामागील तत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीचा कायदा पाहावा लागतो. 1921च्या सुमारास मद्रास व मुंबई प्रांतांत स्त्रियांना मताधिकार मिळाला खरा, पण त्याला मालमत्तेची अट होती. 1935च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढली; परंतु त्यांतील पुष्कळजणींचा हक्क पतीच्या पात्रतेवर अवलंबून होता. स्त्री मतदार होती, ती कोणाची तरी पत्नी म्हणून. राज्यघटनेच्या 326व्या अनुच्छेदाने हा धागा तोडला. जी प्रौढ, ती मतदार. मग असा हक्क ‘अमक्याची बायको’ या नोंदीवर कसा टिकणार?

मराठी वाचकाला या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. आपल्याकडे पतीचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले जाई ते नववधूचे नवे नाव. माहेरचे नाव त्या ताटाबाहेरच राही. नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न बिहार-राजस्थानपुरता मर्यादित नव्हता.

कायद्याने दिलेला अधिकार उंबरठ्याच्या आत पोहोचविण्याचे काम मात्र शासकीय आदेशाला एकट्याने साधणारे नव्हते. तेथे लागले ते स्वयंसेवक. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराला पगारी माणसे किती नेमता येतील, यालाही मर्यादा घातली होती. त्यामुळे निवडणुकीचा मोठा भार बिनमोबदला राबणाऱ्या कार्यकर्त्यांवरच पडला. बैलजोडी, झाड, झोपडी, पणती यांपैकी कोणते चिन्ह कोणाचे हे समजावून सांगणे, यादीतील क्रमांक शोधून चिठ्ठी लिहून देणे, वृद्धांना केंद्रापर्यंत नेणे, पक्षाचा प्रतिनिधी म्हणून दिवसभर केंद्रात बसणे, अशी ही साधी कामे होती. पडद्याच्या घरात पुरुष कार्यकर्त्याची वाट ओसरीवरच संपे. तेथून पुढे स्त्रीनेच जावयाचे. 1930च्या सविनय कायदेभंगात प्रभातफेऱ्या काढलेल्या आणि दारूच्या दुकानांसमोर उभ्या राहिलेल्या पिढीला हा वळसा नवा नव्हता. निवडणूक यंत्रणेनेही सुमारे 1 लाख 96 हजार मतदान कक्षांपैकी 27 हजारांहून अधिक कक्ष केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवले होते.

नावे वगळल्यावर जी ओरड झाली, तीच सेन यांना आशादायक वाटली. पुढील निवडणुकीपर्यंत ही रूढी सैल होण्यास या असंतोषाची मदत होईल, असा त्यांचा कयास होता. वाट लांबची ठरली. 1962च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा 16हून अधिक अंकांनी कमी होती. 2019 मध्ये ती पुरुषांच्या किंचित पुढे गेली. या मधल्या सत्तावन्न वर्षांत कायद्याचे मूळ तत्त्व बदलले नाही; बदलली ती घरे. त्या बदलामागे मुलींच्या शिक्षणाचा जितका वाटा आहे, तितकाच दारोदार फिरलेल्या, जिंकलेल्या आणि हरलेल्याही सर्व पक्षांच्या अनाम कार्यकर्त्यांचा आहे. ज्याच्यासाठी राबले तो उमेदवार पडला, तरी त्यांनी यादीत आणलेले नाव यादीतच राहिले.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले आणि शाळा व मतदान केंद्र यांतील अंतर आणखी कमी झाले. दहावी झालेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होतो. त्याने कोणत्या पक्षाचे काम करावे, हे सांगणे शाळेचे काम नव्हे. मात्र मत मागणाऱ्याने दारापर्यंत चालत यावे, विरोधकाच्या कार्यकर्त्याशेजारी दिवसभर एकाच बाकावर बसता यावे आणि निकाल मान्य करता यावा, हे शिक्षण शाळेतच सुरू होते.

निवडणुकीच्या दिवशी देशातील असंख्य शाळांचे वर्ग मतदान केंद्रे होतात. पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव व क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा उच्चारतो आणि पक्षप्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात. एरवी त्याच खोलीत हजेरी घेतली जात असते. मुलगी स्वतःच्या नावाला ‘हजर’ म्हणते, तेव्हा त्या 28 लाख स्त्रियांना जे करता आले नाही, ते ती रोज करीत असते.