लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की मला दाढी, घोंगडी आणि 'रयत'चं वडाचं झाड एवढंच आठवायचं. अलीकडे त्यांच्याबद्दल वाचताना मात्र लक्ष सारखं लक्ष्मीबाईंकडे गेलं.

कोल्हापुरात शिकताना भाऊराव अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं. ठिणगी तिथेच पडली असावी (हा आपला माझा तर्क). १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

पण एवढी पोरं जेवणार काय? भाऊराव देणग्यांसाठी गावोगाव फिरत, घरी लक्ष्मीबाई. कर्मठ घरात वाढलेल्या या बाईंनी सगळ्यांना एका पंगतीत वाढलं. एकेक दागिना गेला, आणि एकदा धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रसुद्धा. 'त्याग' म्हणून आपण किती पटकन मोकळे होतो, नाही? १९३० साली त्या गेल्या. पुढची शेकडो शाळा-कॉलेजं त्यांनी पाहिलीच नाहीत.

आमचे आजोबा रयतच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले. घरात कर्मवीरांचा फोटो आहे. लक्ष्मीबाईंचा शोधतोय. कुणाकडे असेल तर कळवा.