स्कूटरचा जादा दिवा बंद पडल्यास

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात वसले आहे. येथील भालचंद्र गणपतीच्या दर्शनासाठी संकष्टी चतुर्थीला आसपासच्या गावांतून आणि बीड शहरातून भाविक येतात. उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि संकष्टीचा चंद्र उगवण्यास रात्रीचे आठ-नऊ वाजतात. साहजिकच अनेकांचा परतीचा प्रवास अंधारात होतो. ऊसतोडणीच्या हंगामात याच भागातील रस्त्यांवर मजुरांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. त्यांतील अनेकांना मागे लाल दिवा सोडाच, साधी चमकपट्टीही नसते. स्कूटरच्या मूळ हेडलाइटखाली जादा एलईडी दिवा बसवून घेण्याची पद्धत ग्रामीण रस्त्यांवर रुजली ती हौसेपेक्षा गरजेपोटी. हा दिवा ऐन रस्त्यात विझला तर होणारी पंचाईत वेगळी सांगायला नको.

बंद पडलेला दिवा फेकून नवा आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात दोष दिव्यात क्वचित आणि त्याच्या जोडणीत बहुधा असतो. मूळ वायरिंगला ब्लेडने खरवडून, त्यावर नवी तार पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची घाईची पद्धत याला कारणीभूत आहे. पावसाचे पाणी पट्टीखाली शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि एखाद्या खड्ड्यात बसलेल्या हिसक्याने जोड सुटतो.

तपासणीचा क्रम बॅटरीकडून दिव्याकडे असावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.४ ते १२.८ व्होल्ट दाखवतो. इंजिन सुरू करून थोडा वेग दिल्यावर हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, दिव्याशी झटापट करून उपयोग नाही. त्यानंतर फ्यूज पाहावा. २० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे त्याच्या स्वतंत्र तारेला तीन किंवा पाच अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा तारेचा तुकडा घालणे हा जुगाड गाडीला आग लावू शकतो. नवा फ्यूज लगेच उडाला तर तार कुठे तरी सोलून सांगाड्याला टेकली आहे, असे समजावे. हॅन्डल वळते त्या मानेजवळ ही जागा हमखास सापडते.

फ्यूज शाबूत असेल तर दिव्याजवळचा जोड सोडून तेथे वीज पोहोचते का, हे पाहावे. येथे मल्टिमीटर फसवू शकतो. गंजलेल्या जोडातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब दोन तारांना जोडून केलेला टेस्ट लॅम्प अधिक खरे बोलतो. बल्ब लखलखीत पेटला तर तार ठीक, मिणमिणला तर जोड किंवा अर्थिंग कच्चे. अर्थिंगची तार अनेकदा रंग लावलेल्या पट्टीवर नटखाली दाबलेली असते. रंग खरवडून धातू उघडा केला, की कित्येक ‘मेलेले’ दिवे जागच्या जागी उजळतात. होंडाच्या स्कूटरमध्ये हिरवी तार अर्थची आणि काळी तार चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हे ठाऊक असले तर शोध लवकर संपतो. हॅन्डलवरचा स्वस्त स्विच हा दुसरा नेहमीचा दोषी. त्याच्या दोन्ही तारा क्षणभर एकमेकींना जोडून पाहिल्यास निकाल लागतो.

जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. बजाजच्या चेतकच्या अनेक जुन्या मॉडेलांत बॅटरीच नसे. दिवे थेट मॅग्नेटोच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे एसीवर चालत आणि इंजिनच्या वेगाबरोबर कमीजास्त होत. नंतरच्या कित्येक गिअरलेस स्कूटरमध्येही बॅटरी असूनसुद्धा हेडलाइट एसीवर ठेवलेला होता. अशा हेडलाइटच्या तारेतून वीज घेतलेला एलईडी दिवा लुकलुकतो आणि काही महिन्यांत दगावतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून आकडा जवळजवळ शून्य आणि एसीवर ठेवून भरपूर येत असेल, तर रोगाचे निदान झाले. दिव्याची तार बॅटरीच्या बाजूला वळवणे हाच त्यावर सरळ उपाय.

एवढे करूनही दिवा पेटत नसेल तर तो उघडावा. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडीची माळ असते. माळेतला एक मणी गेला तरी सगळी माळ विझते. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर प्रत्येक एलईडी तपासता येतो, चांगला असेल तो बहुधा अंधूक उजळतो. मेलेला काढून त्याच जातीचा नवा डाख देऊन बसवावा आणि पट्टीखाली उष्णता वाहून नेणारा लेप पुन्हा लावावा. काच चिकटवताना मात्र जपावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि आतील तांबे खाते, तेव्हा न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन घ्यावे आणि ते पूर्ण सुकेपर्यंत दिवा पाण्यापासून दूर ठेवावा. चालकपट्टीच जळाली असेल तर दुरुस्तीचा हट्ट सोडून नवा दिवा घेणे स्वस्त पडते.

भाराचाही विचार हवा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो आणि बंद करता येत नाही. अशा गाडीवर जादा दिवा म्हणजे चार्जिंगवर वाढीव बोजा. तीन अँपिअर-तासांची छोटी बॅटरी इंजिन बंद असताना २० वॉटचा दिवा दोन तासही पोसू शकत नाही. दोन दिवे असतील तर स्विचवर भार न टाकता रिले बसवावा. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या तारांना घरी हात लावू नये, हे काम कंपनीच्या केंद्रातच व्हावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा तर त्याच अंधाऱ्या रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर उठतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर, चालक बसवून उभी करावी. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडेल असा दिवा वाकवावा आणि मगच नट आवळावा. नटाखाली स्प्रिंग वॉशर घातला नाही, तर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर झोत पुन्हा वर चढतो.